पोलादाच्या पट्टीतून पहिला चाकू

चाकू दोन रीतींनी घडतो. पोलाद तापवून ऐरणीवर ठोकत आकाराला आणायचं ही एक रीत. सपाट पोलादी पट्टी घेऊन तिच्यातलं नको असलेलं पोलाद कापून आणि घासून काढून टाकायचं, ही दुसरी. छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याने दुसरीच धरावी. ठोकण्यावर हात बसायला महिने लागतात, आणि चाकू किती चांगला कापेल हे काही त्यावर ठरत नाही. ते ठरतं पोलादाला उष्णता कशी दिली आणि धारेच्या मागे पातं किती पातळ राखलं यावर. पहिले चाकू बरेचदा दिसायला छान होतात, पण कापत नाहीत; तपासलं तर या दोनांपैकी एक तरी चुकलेलं असतं. म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे.

हत्यारं मोजकी पुरतात. घट्ट बसवलेला व्हाइस, हॅकसॉ, २५० ते ३०० मिमी लांबीच्या दोन सपाट कानशी (एक खरबरीत, एक बारीक), एक अर्धगोल कानस, ड्रिल मशीन, चार-सहा सी-क्लॅम्प, पॉलिश पेपर आणि मार्कर. बेल्ट ग्राइंडर सुरुवातीला घेऊच नये. ग्राइंडरने काम झपाट्याने होतं, तशी चूकही झपाट्याने होते. कानस एका घासात केसभर पोलाद काढते, त्यामुळे हात तिरका जातोय हे वेळीच दिसतं आणि सावरता येतं.

पोलाद कोणतं घ्यावं

साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, यातून चाकू होत नाही. त्यात कार्बन साधारण ०.२ टक्के असतो आणि एवढ्या कार्बनवर धार धरण्याइतका कठीणपणा येत नाही. चाकूला ०.६ टक्क्यांच्या वर कार्बन हवा.

पहिल्या चाकूसाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: १०८४ नावाचं पोलाद. या नावातले शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात, म्हणजे सुमारे ०.८४ टक्के. एवढ्या प्रमाणात कार्बन पोलादात सहज आणि पूर्ण विरघळतो. तापमान तासभर काटेकोर धरून ठेवावं लागत नाही. घरगुती भट्टीत हे जमण्यासारखं आहे. १०७५ आणि ८०सीआरव्ही२ हीसुद्धा चालतील. १०९५ मात्र नावाला जवळचं असलं तरी नवशिक्याला त्रास देतं, कारण त्याला फार वेगाने थंड करावं लागतं आणि साध्या तेलात ते अर्धवट कडक होतं. स्टेनलेसला १००० अंशांच्या वरचं, नेमकं धरलेलं तापमान लागतं; त्यासाठी विजेची नियंत्रित भट्टीच हवी.

जुनी लीफ स्प्रिंग किंवा झिजलेली कानस फुकट मिळते म्हणून मोह होतो. तो टाळावा. त्या तुकड्यात नेमकं काय आहे हे कळत नाही, वापरात पडलेल्या सूक्ष्म भेगा दिसत नाहीत, आणि पातं बिघडलं तर दोष पोलादाचा की उष्णतेचा हे ओळखता येत नाही. पट्टी नरम केलेली, म्हणजे ॲनील केलेली, मागवावी. ३ मिमी जाड आणि ३० ते ४० मिमी रुंद पट्टी पहिल्या कामाला योग्य.

आराखडा आणि कापणी

पहिला चाकू लहान आणि साधा असू द्या. एकूण लांबी २०० मिमीच्या आसपास, त्यात पातं ८५ ते ९० मिमी, उरलेली मूठ. पात्याची रुंदी २८ मिमी पुरे. पाठ जवळपास सरळ, धार हलक्या वळणाने टोकाकडे चढणारी. दुधारी खंजीर, दातेरी पाठ, बोटांसाठी खोल खाचा हे सगळं नंतर. मूठ पूर्ण लांबीची ठेवावी, म्हणजे पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या बसतात.

आराखडा जाड पुठ्ठ्यावर काढून कापा आणि तो पुठ्ठा हातात धरून पाहा. करंगळी बाहेर राहत असेल तर ते आत्ताच कळू दे. आकार पटला की पट्टीवर चिकटवून कडेने रेघ मारा. सरळ कडा हॅकसॉने जातात. वळणाच्या जागी रेघेबाहेर १ मिमी सोडून जवळजवळ भोकं पाडायची, मधले सांधे कापायचे आणि उरलेलं कानशीने रेघेपर्यंत आणायचं.

मुठीच्या पिनांची, म्हणजे फळ्या पोलादाला जोडणाऱ्या आरपार सळयांची, भोकं याच टप्प्यावर पाडून घ्या. कडक झालेल्या पोलादात साधा ड्रिल बिट शिरत नाही, आणि हे विसरणारे खूप असतात. ५ मिमीची पिन असेल तर भोक ५.१ किंवा ५.२ मिमीचं ठेवा. अगदी नेमक्या भोकात पिन नंतर अडकते आणि ठोकताना लाकूड तडकतं. ड्रिल करताना पट्टी क्लॅम्पने बांधलेलीच हवी. बिट अडकला तर हातातली पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत, कापड बिटमध्ये गुंतलं की हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा मात्र प्रत्येक टप्प्यावर हवा.

उतार घासणं

पाठीपासून धारेकडे पातं निमुळतं होत जातं, तो उतार. चाकूचं कापणं इथे ठरतं.

आधी धारेच्या कडेवर मध्यरेषा आखायची. पट्टीच्या जाडीचाच, म्हणजे ३ मिमीचा, ड्रिल बिट घ्या. पातं आणि बिट दोन्ही एका सपाट काचेवर ठेवा. बिटचं टोक बरोबर १.५ मिमी उंचीवर येतं. धारेची कड मार्करने रंगवून त्यावर ते टोक ओढा, मग पातं उलटून पुन्हा ओढा. पट्टी नेमकी ३ मिमी नसेल तर एकाऐवजी दोन बारीक रेघा उमटतात, आणि मध्य त्या दोघींच्या बरोबर मधे असतो. या रेघेशिवाय घासायला बसलात तर धार एका बाजूला सरकणारच.

आता थोडं गणित. उतार २० मिमी रुंद ठेवायचा आहे. पाठीकडे जाडी ३ मिमी आहे आणि कडक करण्यापूर्वी धारेपाशी ०.८ मिमी राखायची आहे. म्हणजे प्रत्येक बाजूने २० मिमीत १.१ मिमी उतरायचं, आणि तो कोन होतो जेमतेम ३ अंश. इतका कमी कोन मोकळ्या हाताने धरता येत नाही. कानस नकळत डुलते आणि सपाट उताराऐवजी फुगीर पोट तयार होतं.

उपाय सोपा आहे. एका फळीवर पातं आडवं बांधा, धार आपल्याकडे. पाठीमागे, जिथून उतार सुरू व्हायचा त्या जागेपासून ३०० मिमीवर, एक कडीचा बोल्ट उभा करा. कानशीच्या टोकाला एक सरळ सळई कानशीला समांतर बसवा आणि ती कडीतून ओवा. कडीचा मध्य पात्याच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे १६ मिमी वर असला की कोन ३ अंशांचा होतो. कानशीचा तळ आणि सळईचा मध्य यांच्यात जे अंतर असेल ते या उंचीत मिळवायचं. आता कानस कितीही वेळा फिरवली तरी कोन तोच राहतो. दुसऱ्या बाजूला पातं उलटून बांधलं की उतार जुळून येतो.

कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे घेताना किंचित उचला, नाहीतर तिचे दात बोथटतात. दातांत अडकलेला पोलादाचा कण पात्यावर खोल ओरखडा काढतो आणि तो ओरखडा घालवायला नंतर अर्धा तास जातो, म्हणून दर काही मिनिटांनी तारेच्या ब्रशने कानस साफ करा. दातांवर खडू घासला तर कण कमी अडकतात. एका बाजूचं पूर्ण करून मग दुसरी, असं करू नये. आळीपाळीने घासा, मध्यरेषेकडे दोन्ही बाजूंनी सारखं जा. धारेपाशी ०.८ मिमी उरलं की थांबा. इथे आणखी पातळ करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण याहून पातळ कड तेलात जाताना वाकते.

कानशीचे ओरखडे १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढून टाका. खोल ओरखडा म्हणजे कडक करताना भेग पडायला आयती जागा. भोकांच्या कडा आणि मुठीचे आतले काटकोन याच कारणासाठी गोल करून घ्यावेत.

कडक करणं

लोहार याला पाणी देणं म्हणतात. या पोलादासाठी मात्र पाणी वापरायचं नाही.

आत काय घडतं हे समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात. नरम पोलादात कार्बन लोखंडाशी संयुग करून वेगळा बसलेला असतो. सुमारे ७३० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कार्बन विरघळून जातो. हळू थंड केलं तर कार्बन पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद होतं तसं नरम. झटक्यात थंड केलं तर त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आत कोंडला जातो, अणूंची जाळी ताणली जाते, आणि हे ताणलेलं रूप प्रचंड कठीण असतं. त्याचं नाव मार्टेन्साइट. १०८४ ला वरच्या तापमानातून खाली यायला सेकंदभराच्या आसपास सवड मिळते. पाण्यात ते याहून कितीतरी वेगाने थंड होतं, बाहेरचा थर आतल्या भागाच्या आधी आकसतो, आणि भांड्यातून ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की पातं गेलं.

तेल म्हणून साधं कॅनोलाचं किंवा तत्सम खाद्यतेल चालतं, निदान ४ लिटर. इंजिनाचं वापरलेलं तेल नको, त्याचा धूर विषारी असतो. तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल पातळ असतं, पात्याभोवतीची वाफ लवकर मोडते आणि थंडावा सारखा पोहोचतो. भांडं धातूचं, उभं, खोल आणि जड बुडाचं घ्या. झाकण हाताशी ठेवा, कारण तेल पेटलं तर झाकण टाकणं हाच इलाज. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये. काम उघड्यावर किंवा भरपूर वारा खेळता असेल तिथे करा. पोलाद भाजताना भट्टीत किंवा आसपास जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, पाइप काहीही असता कामा नये, त्याचा धूर फुप्फुसांना घातक आहे.

भट्टीला मऊ अग्निविटांची लहानशी पोकळी आणि प्रोपेन टॉर्च पुरते. तापमान ओळखायला लोहचुंबक वापरतात. सुमारे ७७० अंशांना पोलादाचं चुंबकत्व जातं. पण चुंबक चिकटेनासा झाला म्हणजे पातं तयार, असं समजू नका. १०८४ ला ८१५ अंश हवेत, म्हणजे त्या क्षणापेक्षा एक छटा अधिक उजळ. अंधाऱ्या जागी बसलात तर याहून विश्वासू खूण दिसते. तापत्या पात्याच्या लालीत एक सावली येते, ढगाच्या सावलीसारखी पाठीकडे आणि मुठीकडे सरकते आणि विरून जाते. पोलाद आतली मांडणी बदलताना उष्णता शोषून घेतं, त्याची ही सावली. ती पूर्ण पात्यावरून गेली की दोन-तीन मिनिटं रंग एकसारखा ठेवा. टोक पातळ असल्याने आधी तापतं, म्हणून ज्योत थेट टोकावर धरू नका आणि पातं आत-बाहेर हलवत राहा.

मग न रेंगाळता, टोक खाली करून सरळ उभं तेलात. हलवायचं ते फक्त धार आणि पाठ यांच्या दिशेने, सुरीने कापल्यासारखं. डावी-उजवीकडे हलवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं बाक धरतं. पातं पूर्ण बुडालेलं राहू द्या, अर्धवट बाहेर असलेल्या लाल पोलादावर तेल भडकतं. दहा-बारा सेकंदांनी बाहेर काढून लगेच पाठीवरून नजर टाका. बाक दिसला तर पातं अजून २०० अंशांच्या आसपास गरम असताना, जाड मोजे घालून, दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबा. पूर्ण थंड झाल्यावर हाच प्रयत्न केला तर दोन तुकडे हातात येतात.

थंड झाल्यावर धारेवरून कानस हलकी फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. आधी वरचा पातळ नरम थर निघेल, तेव्हा दोन-तीनदा फिरवून पाहा. कानस चावत असेल तर पातं पुरेसं तापलं नव्हतं किंवा तेलापर्यंत पोचायला उशीर झाला. पुन्हा करता येतं.

खऱ्या पात्याआधी त्याच पट्टीचा हातभर लांबीचा नव्हे, बोटभर लांबीचा तुकडा असाच तापवून तेलात घाला आणि कापडात गुंडाळून, चष्मा लावून, व्हाइसमध्ये मोडा. मोडलेली कड उजेडात धरा. राखाडी, मखमलीसारखी, कण वेगळे न दिसणारी असेल तर तापमान बरोबर होतं. साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर पोलाद फार तापलं, आतले कण वाढले, आणि अशा पात्याची धार तुकड्या-तुकड्याने गळते. एवढी एक परीक्षा कितीतरी पाती वाचवते.

ताव उतरवणं

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं. फरशीवर पडलं तर फुटू शकतं, आणि आतल्या ताणामुळे रात्रभर ठेवलं तर आपोआपही तडकू शकतं. म्हणून हाताला सोसेल इतकं थंड झालं की लगेच ओव्हनमध्ये: २०० अंशांवर दोन तास, बाहेर काढून थंड, पुन्हा दोन तास. याला टेम्परिंग म्हणतात. थोडा कठीणपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो.

ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ओव्हन मधूनमधून २०-३० अंशांनी उसळतो, तेव्हा पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरून ठेवलं तर त्या उसळ्या पात्यापर्यंत येत नाहीत. आधी घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट गवती रंग आला पाहिजे. तपकिरी म्हणजे २४० अंशांच्या पुढे, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. निळी झालेली धार स्प्रिंगसारखी चिवट असते, पण टिकत नाही.

यापुढे पातं कशानेही तापू देऊ नये. यंत्रावर घासत असाल तर मोजे न घालता बोटं पात्यावर ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवा. बोटांना चटका लागण्याआधी थांबलात तर धार सुरक्षित.

आता ०.८ मिमीची कड ०.३ मिमीपर्यंत आणायची. याचा कंटाळा आला म्हणून अनेक जण थेट धार लावायला घेतात, आणि चाकू पाचरीसारखा वागतो: कापण्याऐवजी फाडतो. पेपर एका सपाट, कठीण ठोकळ्याला गुंडाळून २२०, ३२०, ४०० असे नंबर घ्या. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. ४०० वर थांबलेलं नीटस पातं, ओरखडे राहिलेल्या आरशासारख्या पात्यापेक्षा कधीही चांगलं.

मूठ

लाकूड पूर्ण वाळलेलं, घट्ट रेषांचं, ८ ते १० मिमी जाड. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि पोलादाची कड हाताला बोचते. दोन्ही फळ्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच गोलावून, घासून पूर्ण करा. नंतर तिथे पात्यावर ओरखडा न पाडता पोचता येत नाही.

पोलाद आणि लाकूड दोन्ही ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करून ॲसिटोनने पुसा. चिकटवायला एपॉक्सी गोंद, २४ तासांत घट्ट होणारा घ्या. पाच मिनिटांवाला घाईत पसरावा लागतो आणि सांधा तितका मजबूत होत नाही. पिना ओवून क्लॅम्प लावा, पण जोर बेताचा. फार आवळलं तर सगळा एपॉक्सी बाहेर येतो आणि सांध्यात काहीच उरत नाही. बाहेर आलेला एपॉक्सी ओला असतानाच पुसून घ्या.

दुसऱ्या दिवशी मुठीला आकार द्या. लाकडाची भुकटी, विशेषतः गडद आणि तेलकट लाकडांची, छातीला त्रास देते. नाकातोंडावर नीट बसणारा धूळरोधक मास्क हवाच. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात. तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धार

धार एरवी सगळ्यात शेवटी, मूठ पूर्ण झाल्यावर; पहिल्या पात्याला मात्र खालच्या परीक्षेसाठी ती मुठीच्या आधीच लावावी. तोवर पात्याला चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली बरी. दगड ४०० आणि १००० नंबरचे, कोन प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाला अडकणारी बारीक दुमड, म्हणजे बर, टाचेपासून टोकापर्यंत लागत नाही. मग बाजू बदला. दोन्हीकडे बर आला की बारीक दगडावर तेच, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा.

उष्णतेचं काम कसं झालं हे आता कळेल. ६ मिमी जाडीची पितळेची सळई आडवी बांधा आणि धार लावण्याच्याच कोनात तिच्यावर हलका दाब देऊन ओढा. दाबाखाली धार किंचित लवताना दिसते. दाब निघताच सरळ झाली तर टेम्परिंग बरोबर. कपचे उडाले तर पातं अजून ठिसूळ आहे. ओव्हन १५ अंश वाढवून आणखी दोन तास द्या (मुठीच्या आधी धार लावून ही परीक्षा उरकली तर मूठ काढावी लागत नाही, आणि पहिल्या पात्यासाठी तसंच करावं). लवलेली धार तशीच राहिली तर पातं नरम आहे, आणि त्याला पुन्हा तेल दाखवण्यावाचून इलाज नाही.

१०८४ गंजतं. वापर झाला की पुसून कोरडं करा, ठेवताना तेलाचं बोट फिरवा. काही आठवड्यांत पात्यावर राखाडी-निळसर छटा चढेल; ती गंज नव्हे, तिला घासून काढू नका. तांबूस ठिपका दिसला तर तो मात्र त्याच दिवशी घालवा.